दोन वारसदार आणि तिसरा

अंकल टुपेलो हा बँड १ मे १९९४ रोजी सेंट लुईसच्या मिसिसिपी नाइट्स या क्लबात शेवटचे वाजवून मोडला, तेव्हा आमच्यापैकी कुणीही अमेरिकेत पाऊल ठेवलेले नव्हते आणि बहुतेकांनी त्याचे नावही ऐकलेले नव्हते. तरीही सात-आठ वर्षांनी, इलिनॉयमधल्या अर्बाना-शॅम्पेन या विद्यापीठाच्या जुळ्या गावात, आम्ही चार मराठी विद्यार्थी त्या मोडण्यावरून असे भांडत असू की जणू आमच्याच घरच्या वाटणीचा दावा कोर्टात उभा आहे. परक्या देशातल्या परक्या गाण्यावरून माणसे इतकी हिरिरीने का भांडतात, हा प्रश्न तेव्हा पडायला सवड नव्हती. आज पडतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. बेलव्हिल हे दक्षिण इलिनॉयमधले कामकरी माणसांचे गाव. मिसिसिपी ओलांडली की सेंट लुईस. तिथल्या शाळेत जे फरार आणि जेफ ट्विडी यांची मैत्री जमली. दोघे पंक रॉकवर पोसलेले. माइक हायडॉर्न ड्रमवर बसला आणि १९९० साली 'नो डिप्रेशन' हा त्यांचा पहिला अल्बम निघाला. कारखान्यातल्या पाळ्या, दारू, गावात साचलेला कंटाळा हे विषय पंकच्या आवेशात. आणि मध्येच कार्टर कुटुंबाने १९३६ साली ध्वनिमुद्रित केलेले एक भक्तिगीत, तेच अल्बमच्या नावाचे. पाच वर्षांनी सिएटलहून याच नावाचे नियतकालिक निघाले. आपला विषय 'आल्टरनेटिव्ह कंट्री' आहे असे ते मुखपृष्ठावर सांगे आणि लगोलग कंसात 'म्हणजे जे काही असेल ते' अशी पुस्ती जोडी. एका संप्रदायाने स्वतःच्या नावाविषयी इतका मोकळेपणा दाखवल्याचे उदाहरण आम्हांला तरी दुसरे माहीत नाही. संप्रदायाचे अनुयायी मात्र इतके मोकळे नव्हते.

चार अल्बम झाले. त्यातला 'ॲनोडाइन' (१९९३) मोठ्या कंपनीसाठीचा पहिला आणि एकूणात शेवटचा. मग फरार बाहेर पडला. (आडनावाला जागला, ही आमच्यातल्या मुंबईकराची कोटी, ती त्याने निदान पन्नास वेळा केली.) त्याने हायडॉर्नला परत बोलावून सन व्होल्ट उभा केला, मागे राहिलेल्यांना घेऊन ट्विडीने विल्को. १९९५ साली दोघांचे पहिले अल्बम आले: मार्चमध्ये विल्कोचा 'ए.एम.', सप्टेंबरमध्ये सन व्होल्टचा 'ट्रेस'. गंमत अशी की 'ॲनोडाइन', 'ए.एम.' आणि 'ट्रेस' या तिन्हींचा निर्माता एकच, ब्रायन पॉलसन. एकाच सुताराने एका वाड्याचे दोन दरवाजे करून द्यावेत तसे. समीक्षकांनी कौल 'ट्रेस'च्या बाजूने दिला, आणि तिथून हा तंटा सुरू झाला.

आमच्यातला नागपूरकर फरारच्या पक्षाचा. फरारचा आवाज खर्जातला, कोरडा, कुठेही लाडात न येणारा. 'ट्रेस'चे पहिलेच गाणे घ्या: रात्री गाडी हाकणारा माणूस, दुरून येणारे रेडिओ स्टेशन, त्यावरचे जुने कंट्री, फिडल आणि पेडल स्टील गिटार आवाजाच्या बाजूने चालतात, त्याच्या पुढे जात नाहीत. नागपूरकराचे म्हणणे असे, की या माणसाने आपल्याला मिळालेली जागा सोडली नाही. ती खोल खणली. विहीर खणणारा माणूस दर दोन वर्षांनी जागा बदलत नाही.

मुंबईकराला हे सगळे कंटाळवाणे वाटे. त्याचा माणूस ट्विडी. 'बीइंग देअर' (१९९६) हा विल्कोचा दुसरा अल्बम दोन सीडींचा. तो एकाच्या किमतीत विकला जावा म्हणून ट्विडीने स्वतःच्या मानधनावर पाणी सोडले होते. त्यात कंट्री होते, पण सुरुवातच गोंगाटाने होत होती आणि मधूनमधून साठ-सत्तरच्या दशकांतल्या पॉप रॉकचे गोड सूर डोकावत होते. 'समरटीथ'मध्ये (१९९९) तर फिडल आणि पेडल स्टील जवळजवळ गेलेच. त्यांच्या जागी मेलोट्रॉन, पियानो, थरांवर थर चढवलेले आवाज. ऐकताना उन्हाळी सुट्टी, आणि शब्दांकडे लक्ष गेले की अंगावर काटा: एका अत्यंत मधुर गाण्याच्या शेवटच्या ओळीत घरातली मारहाण उघडी पडते. मुंबईकर म्हणे, दुःखाला दुःखी चाल लावणे ही कारकुनी झाली. गोड चालीत विष ठेवणे ही कला.

हे असे एकट्या विल्कोच्या बाबतीत घडले नाही. मिनिआपोलिसच्या जेहॉक्सनी २००० साली 'स्माइल' काढला तोही धडधडीत पॉप, आणि निर्माता कोण, तर पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'वर काम केलेला बॉब एझ्रिन. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी कपाळाला हात लावला. 'विकले गेले' हा शब्दप्रयोग इंग्रजीत आणि मराठीत सारखाच चालतो, हे आम्हांला त्या सुमारास कळले.

आमच्यातली कोल्हापूरकर या दोघांचे ऐकून घेई आणि मग एकच वाक्य बोले : "अरे, दोन भावांची वाटणी चाललीय ते ठीक, पण बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागतच नाही का?" तिचा रोख लुसिंडा विल्यम्सकडे होता. 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' हा तिचा अल्बम १९९८ साली आला, त्याआधी अनेक वर्षे ती तो करत होती; केलेले ध्वनिमुद्रण मोडून पुन्हा करत होती. पुरुषाने हे केले असते तर त्याला ध्यास म्हटले गेले असते. तिला हट्टी म्हटले गेले. तो अल्बम कंट्री आहे, ब्लूज आहे, रॉक आहे, आणि आपण कोणत्या पक्षात हे सांगण्याची गरज त्याला एकदाही भासत नाही. कोल्हापूरकरच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कुणी दिल्याचे स्मरत नाही. वाद पुन्हा भावांवर येई.

या वादात एक शब्द सारखा येई, तो म्हणजे 'माती'. मराठी समीक्षेने हा शब्द इतका वापरला आहे की तो तोंडात आपसूक येतो: मातीतले गाणे, मातीशी इमान. पण कंट्रीची माती चाळायला बसले की हाती काय लागते? बँजो आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेल्या वाद्यांचा वंशज. स्टील गिटार हवाई बेटांवरची. फिडल युरोपातली. ज्या कार्टर कुटुंबाला या संगीताचे मूळपुरुष मानतात, त्यांची पहिली ध्वनिमुद्रणे १९२७ साली ब्रिस्टल गावी झाली ती राल्फ पिअर यांनी व्हिक्टर कंपनीसाठी, विक्रीच्या उघड हेतूने. पुढे ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांतून गाणी गोळा करत हिंडत, तेव्हा चाली लक्षात ठेवायला त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक असत. तबकड्यांवर मात्र त्यांचे नाव नव्हते. म्हणजे बाजार, सरमिसळ आणि कुणाचे तरी पुसलेले नाव, हे तिन्ही मुळातच होते.

आपल्याकडे तरी निराळे काय आहे? हार्मोनियम हे वाद्य युरोपातून आले. हिंदुस्थानी संगीताला ते परके म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्यावर बंदी घातली. पण त्याआधीच मराठी नाट्यसंगीताने पायपेटीला असे आपलेसे केले होते की आज तिच्यावाचून ते गाणे कानांपुढे उभे राहत नाही. परकेपणा वापराने जातो. किती वर्षांच्या वापराने, हे सांगणारा मात्र कुणी भेटत नाही.

आणि तरीही नागपूरकराचा युक्तिवाद एवढ्याने संपत नव्हता. तो म्हणे, मूळ शुद्ध नसेल, पण सोडून जाणे ही क्रिया तर खरी आहे ना? गेलेल्याने मागे काहीतरी टाकलेलेच असते. इथे आवाज थोडा चढे, आणि आपण आता बेलव्हिलविषयी बोलत नाही आहोत हे चौघांनाही कळे. आमच्यातल्या एकाचे आडनाव कोकणातल्या ज्या गावावरून पडले होते, ते गाव त्याच्या आजोबांनीही पाहिलेले नव्हते. एकाच्या घरी दर रविवारी फोनवर 'परत कधी' हा प्रश्न विचारला जाई. एकाच्या घरी तो विचारणे बंद झाले होते, आणि ते अधिक जड जाई. पदवी मिळाल्यावर राहायचे की जायचे, राहिलो तर कोण म्हणून राहायचे, हे प्रश्न आम्ही एकमेकांना सरळ कधीच विचारले नाहीत. 'समरटीथ' ही प्रगती की गद्दारी, एवढेच विचारले. फरार आणि ट्विडी यांनी आमचे फार मोठे काम केले, ते असे.

सांगलीकराचा मुद्दा अजून राहिला. तो म्हणे, तुम्ही दोघे वारसदारांविषयी बोलता; 'समरटीथ' वाजवले कुणी ते बघा. तो माणूस जे बेनेट. आमच्याच विद्यापीठात शिकलेला, आमच्याच गावात टायटॅनिक लव्ह अफेअर या बँडमध्ये वाजवलेला, बिघडलेले व्हीसीआर दुरुस्त करून पोट भरलेला. 'ए.एम.' झाल्यावर तो विल्कोत आला. गिटार, पियानो, ऑर्गन, जे हाताला लागेल ते वाजवी. 'समरटीथ'चे थर बव्हंशी त्याने आणि ट्विडीने मिळून स्टुडिओत चढवलेले. त्याला ना मातीचे ओझे, ना बंडाची हौस. यंत्र उघडावे, आत काय आहे पाहावे आणि जोडून पुन्हा चालते करावे, तशी तो गाणी करी. सांगलीकराच्या वडिलांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते, हे इथे सांगितले म्हणजे त्याच्या निष्ठेचा उलगडा होतो.

२००१ साली 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' पुरा होता होता बेनेटला बँडमधून काढले गेले. सॅम जोन्सच्या कृष्णधवल माहितीपटात (२००२) त्याचा आणि ट्विडीचा एक प्रसंग आहे. दोन गाण्यांमधला सांधा कसा जोडावा यावरून दोघे बोलतात; बोलणे साधे, पण पाहणाऱ्याला गुदमरते. कुठे तरी काही तरी तुटलेले आहे आणि बोलणे मात्र सांध्याविषयी चालले आहे. आम्हांला ते चांगलेच ओळखीचे वाटले.

अल्बमचे पुढे काय झाले ते प्रसिद्ध आहे. रिप्राइज कंपनीने तो नाकारला आणि ध्वनिमुद्रण बँडच्या हवाली केले. सप्टेंबर २००१ मध्ये विल्कोने तो इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवला. एप्रिल २००२ मध्ये नन्सच कंपनीने तो काढला. दोन्ही कंपन्या वॉर्नरच्याच, तेव्हा एका हाताने टाकलेले दुसऱ्या हाताने विकत घेतले. बिलबोर्डच्या यादीत तो थेट तेराव्या क्रमांकावर आला. पॉप की कंट्री हा वाद त्याने निकालात काढला, कारण तो दोन्ही नव्हता: रेडिओची खरखर, मोडकी घंटा, आणि त्याखाली शांतपणे चालणाऱ्या, कुणालाही गुणगुणता याव्यात अशा चाली. त्याच वर्षी बेनेटनेही एडवर्ड बर्चबरोबर आपला अल्बम काढला. तो फारच थोड्यांनी ऐकला. आमच्या घरात तो होता. सांगलीकराने घेतला होता.

२४ मे २००९ रोजी बेनेट अर्बानामध्येच गेला. वय ४५. शस्त्रक्रियेची गरज होती आणि त्यासाठी विमा नव्हता, हे त्याने स्वतःच काही आठवड्यांपूर्वी लिहिले होते. तोवर आम्ही चौघे चार दिशांना पांगलो होतो. त्या दिवशी आमच्यात जी पत्रापत्री झाली, तीत पहिल्यांदाच कोणत्या अल्बमची बाजू कुणी घेतली नाही. नागपूरकराने, ज्याला 'समरटीथ' कधीही आवडला नव्हता, तो रात्रभर ऐकल्याचे लिहिले. आवडला की नाही ते लिहिले नाही.

त्यानंतर २०२२ साली विल्कोने 'क्रूएल कंट्री' हा दोन भागांचा अल्बम काढला. ज्या शब्दापासून बँड पंचवीस वर्षे अंग चोरत होता तो थेट नावातच, आणि बहुतेक ध्वनिमुद्रण सगळ्यांनी एका खोलीत एकत्र वाजवून केलेले. नागपूरकराला आपला विजय झाल्यासारखे वाटले. मुंबईकराने उत्तर धाडले की गेलेला माणूस परत आला तरी तो गेलेला माणूसच असतो, म्हणून तर त्याचे ऐकावे. दोघांचे खरे आहे. फरारनेही या काळात आपली विहीर सोडलेली नाही, आणि तिला पाणी आहे.

आमच्यापैकी दोघे परतले, दोघे राहिले. कोण कुठल्या पक्षाचा होता यावरून कोण परतला हे ओळखू पाहणाऱ्याचा अंदाज चुकेल, एवढेच सांगतो.