स्थळ पाहिजे

आमच्या घरात श्रीखंडाचे एकोणीस डबे आहेत आणि त्यांतल्या एकातही श्रीखंड नाही. ही गोष्ट पाहुण्यांना जरा उशिरा कळते. एका दिवाळीत आमच्या साडूंनी मोठ्या आशेनं एक डबा उघडला आणि त्यांच्या मांडीवर शेदीडशे रेझिस्टर सांडले.

"हे काय?"

"पाव वॉटचे," मी म्हणालो. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे. पोटासाठी मी छत्तीस वर्षं एका कचेरीत फायली इकडच्या तिकडे केल्या. पण संध्याकाळी डोंबिवलीच्या खोलीत सोल्डरिंग आयर्न तापलं आणि राळेचा वास सुटला की साहेबाचं तोंड विसरायला व्हायचं. या नादानं मी एकदा लग्नही मोडत आणलं होतं. रेझिस्टरवर आकडे नसतात, रंगांचे पट्टे असतात. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, अशी ती बाराखडी पांढऱ्या नवापर्यंत जाते. १९८४ साली मी मुलगी पाहायला गेलो. मुलगी पोहे घेऊन आली. पिवळी साडी, जांभळे काठ, लाल ब्लाउज. माझ्या तोंडून निघून गेलं, "चार हजार सातशे!" भावी सासऱ्यांचा चेहरा उतरला. मी हुंड्याचा आकडा बोललो असं त्यांना वाटलं. मी ओहम म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा आणखी उतरला. तरी लग्न झालं. मुलीच्या हातात सोन्याच्या बांगड्या होत्या. रेझिस्टरवर सोनेरी पट्टा असला की पाच टक्के इकडेतिकडे चालवून घेतात.

आता हे डबे का भरले, तर भीतीनं. आम्ही वापरतो ते पार्ट पायवाले. बोर्डाच्या भोकातून पाय खाली काढायचे आणि सोल्डरचा थेंब द्यायचा. हल्लीच्या पार्टांना पायच नसतात. ते बोर्डावर पोटावर झोपतात. त्यातला एक प्रकार एक मिलिमीटर लांब नि अर्धा मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे खसखशीचा दाणाच. कारखान्यातलं यंत्र असले दाणे तासाला हजारोंनी चिकटवतं, भोकं पाडायचा खर्च वाचतो, आणि मोबाइल खिशात मावतो. कारखानदार दहा हजारांचं रीळ घेतो. मी दोन नग घेतो आणि त्यातही घासाघीस करतो. तो माझ्यासाठी पाय कशाला काढत बसेल? मी एकदा तसला दाणा चिमट्यात धरला, नेमकी शिंक आली, आणि आजतागायत तो सापडलेला नाही. आमच्या खिरीत गेला असावा.

खरं सांगायचं तर माझी भीती निम्मी खोटी ठरली. १९७२ साली बाजारात आलेला ५५५ हा टायमर अजून पायांसकट मिळतो. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर मूठमूठभर मिळतात. ट्रान्झिस्टर आले तेव्हा व्हॉल्व्हचं तेरावं घालून लोक मोकळे झाले होते, पण संगीतवाल्यांच्या कृपेनं रशियात, चीनमध्ये नि स्लोव्हाकियात ते अजून बनतात. म्हणजे जे मी डबे भरभरून जमवलं ते दुकानात मिळतंच आहे. आणि जे खरोखर संपलं, ते माझ्या एकोणीस डब्यांत एकही नव्हतं.

हे कळलं २०२४ साली, आईचा रेडिओ बिघडला तेव्हा. १९७८ साली मी वीस वर्षांचा असताना तिनं पिठाच्या डब्यातले पैसे काढून दिले आणि मी तो बनवला. माझा पहिला रेडिओ. मधली शेहेचाळीस वर्षं तो तिच्या उशाशी बोलत होता. आता एकदम फाटक्या आवाजात बोलायला लागला. उघडला, तर शेवटच्या जोडीतला एक एसी १२८ गेलेला.

एसी १२८ म्हणजे जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर. पत्र्याची इवलीशी टोपी नि खाली तीन तारा. माझे बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनलेले होते. ही जोडी आवाजाची लाट निम्मी-निम्मी वाटून घेते, म्हणून दोघांचे गुण सारखे लागतात. पत्रिका जुळवावी तसे गेन जुळवायचे, लीकेज जुळवायचं. जागी सिलिकॉनचा घालावा, तर जर्मेनियम शून्य पूर्णांक दोन व्होल्टला जागा होतो नि सिलिकॉन सहाला. भोवतालचे रेझिस्टरही बदलावे लागतात. सून बदलली म्हणून सगळं घर रंगवायचं, त्यातला प्रकार.

नातू म्हणाला, "आजोबा, पणजीला मोबाइलवर रेडिओ लावून देऊ." आईनं मोबाइल उलटसुलट करून पाहिला. "याला कान कुठाय? कान पिळल्याशिवाय रेडिओ बोलतो होय?"

आईचं वय अठ्ठ्याऐंशी. मी लॅमिंग्टन रोडला गेलो. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, पण ट्रान्झिस्टर मागायला जाणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो. सहा दुकानांत नकार मिळाला. सातव्यात गल्ल्यावर पूर्वीच्या शेटजींचा मुलगा होता. "अंकल, ये तो पप्पा के टाइम का माल है," म्हणत तो माळ्यावर चढला आणि धुळीनं माखलेली एक पुडी घेऊन उतरला. आत दहा एसी १२८! मी हात पुढे केला, तर शेजारून दुसरा हात आला.

केस खांद्यापर्यंत, पाठीला गिटार, वय असेल पंचवीस. "काका, हे मी फोनवर सांगून ठेवले होते."

"तुझ्याकडे रेडिओ आहे?"

"नाही. फझ बनवायचाय."

मग त्यानं मला तिथेच ज्ञान दिलं. १९६६ साली लंडनमध्ये 'फझ फेस' नावाचा गोल डबा निघाला, जिमी हेंड्रिक्सनं तो वाजवला, आणि तेव्हापासून जगभरची पोरं गिटारचा चांगला सूर त्या डब्यातून फाडून घेतात. त्याला जर्मेनियमच लागतो, एसी १२८ उत्तम चालतो. मी सर्द झालो. ज्या खरखरीला घालवण्यात माझं तारुण्य गेलं, ती हा पदरमोड करून विकत घेत होता!

मी आईचं सांगितलं. त्यानं खिशातून चिमुकला मीटर काढला आणि काउंटरवरच दहाही जणांची पत्रिका मांडली. "तुम्हाला कसे हवेत?"

"अगदी सारखे."

"मग भांडणच नाही. मला एक कमी गेनचा नि एक जास्त गेनचा लागतो." ज्यांचे गुण जुळत नाहीत त्यांचाच संसार त्याच्या डब्यात चालतो म्हणे. दोन जुळत्या जोड्या त्यानं माझ्या तळहातावर ठेवल्या आणि त्याचे पैसे माझ्याकडून वाजवून घेतले.

घरी आल्यावर सौ.नं हिशेब केला. "पहिली जोडी शेहेचाळीस वर्षं टिकली. या दोन ब्याण्णव वर्षं जातील. तुम्ही आत्ता सहासष्टचे. म्हणजे एकशेअठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मला या डब्यांवरची धूळ पुसायची आहे."

"पाच टक्के इकडेतिकडे," मी म्हणालो.

रात्री एक जोडी बसवली. पायाला पकड लावून, उष्णता वर चढू न देता, श्वास रोखून. हात थोडा थरथरत होता. सकाळी आईनं कान पिळला, मीडियम वेव्हवर आकाशवाणी लागली, आवाज कसा स्वच्छ, गोल. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"चांगला झालाय रे," ती म्हणाली. "पण त्याची ती खरखर कुठे गेली?"