शरद आणि पाखरांची राखण

इंग्रजी कवितेतील 'ऑटम'ला मराठीत 'शरद' म्हणण्याची सवय आपल्याला शाळेपासून लागली आहे. त्यामुळे शरदाचे नाव निघताच पिवळी पाने, ओकीबोकी झाडे आणि उदास सायंकाळ असे एक उसने चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आमच्या भोकर तालुक्यातील शरदाला हे चित्र लागू पडत नाही. आश्विनात येथील कडुनिंब, बाभूळ, पळस भरगच्च पानांत असतात. ज्या झाडाचे आणि आमच्या गावाचे नाव एकच, ते भोकरही हिरवेगार असते. सागाची खरी पानगळ माघ-फाल्गुनाकडे होते.

तरीही हिमायतनगर-किनवटच्या दिशेने जाणारा नवखा प्रवासी सागवनाकडे पाहून फसतो. डोंगरउतारावरील साग तपकिरी दिसतात. पान हाती घेतले म्हणजे उलगडा होतो. एका लहानशा पतंगाच्या अळ्यांनी शिरांमधला हिरवा गर खाऊन टाकलेला असतो आणि पानाची नाजूक जाळी तेवढी देठाला लोंबत राहते. झाड मरत नाही. अळ्यांवर मात्र कित्येक पाखरे पोसली जातात. दुरून जी पानगळ वाटते, ती जवळून पाहता एक पंगत असते.

शहरवासी वाचकांना उद्यान म्हटले की हिरवळ, कारंजे आणि लोखंडी बाके आठवतील. आम्ही काही स्नेही ज्याला आमचे उद्यान म्हणतो, ते म्हणजे गावाबाहेरचे गायरान, सुधा नदीचा काठ आणि पलीकडची शेते. त्याला फाटक नाही, तिकीट नाही. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत सवड मिळेल त्या पहाटे आम्ही तेथे हिंडतो. दवाने कपडे भिजतात आणि परतल्यावर धोतरा-पायजम्यांतील कुसळे वेचण्यात अर्धा तास जातो. कुसळाचा राग येणे स्वाभाविक आहे. पण त्याची करामत पाहिली म्हणजे राग मावळतो. त्याच्या टोकाला बी असते आणि मागे पिळदार शेपूट. दवाने ते शेपूट ओले झाले की पीळ उलगडतो, उन्हाने वाळले की पुन्हा बसतो आणि या उलटसुलट फिरण्याने बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. ज्या ऋतूत पहाटे दव आणि दुपारी 'ऑक्टोबर हीट' म्हणून ओळखला जाणारा कडक ताप असतो, त्याच ऋतूत ही पेरणी घडावी, यात मोठे औचित्य आहे.

बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि माळावर तरवडाचे पिवळे घोस याच सुमारास फुलतात. आपल्याकडे ही फुले बहुधा दुर्लक्षित राहतात. आमच्या सीमेपलीकडे तेलंगणात मात्र याच दोन फुलांचे थर रचून बतुकम्मा सजवतात आणि स्त्रिया तिच्याभोवती फेर धरतात. सीमा माणसांनी आखली. कुर्डूला आणि तरवडाला ती ठाऊक नाही.

शरद हा मुळात ये-जा करणाऱ्यांचा ऋतू आहे. पावसाबरोबर आलेला चातक आता आफ्रिकेकडे निघतो. माळावर घिरट्या घालणाऱ्या चतुर नामक कीटकांतही एक प्रवासी जात आहे. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने मालदीव बेटांवर दर ऑक्टोबरात उतरणाऱ्या चतुरांच्या झुंडींचा मागोवा घेतला आणि हे कीटक भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेला जात असावेत, असे २००९ साली मांडले. पावसाच्या डबक्यात जन्मलेला, बोटाएवढाही नसलेला जीव एवढ्या प्रवासाला निघतो, हे वाचल्यापासून आम्ही डबक्यांकडे आदराने पाहू लागलो आहोत.

जाणारे जातात तसे येणारे येतात. शेपटी हलवीत चालणारा परीट अंगणात दिसला की थंडी फार दूर नाही, हे जुन्या माणसांना पंचांग न पाहता कळे. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा बसतात. उत्तरेतील गवताळ प्रदेशांतून भोवत्या येतो आणि पिकांवरून अगदी खालून तरंगत नाकतोडे टिपतो. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या थव्याथव्यांनी उतरतात. नीलकंठ येथलाच, पण दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानल्यामुळे त्या दिवशी त्यालाही पाहुण्याचा मान मिळतो.

नांदेड निजामाच्या राज्यात असताना, १९३१-३२ मध्ये, डॉ. सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. अलीकडे मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'ने मराठी वाचकाच्या हाती पाखरांची नावे दिली. या थोरांचे ऋण मोठेच आहे. परंतु आमच्या खेड्यांत पक्ष्यांचे ज्ञान आणखी एका पाठशाळेत मिळत असे. ती पाठशाळा म्हणजे ज्वारीच्या शेतातील मचाण.

आमच्या लहानपणी खरिपाची ज्वारी हुरड्यात आली की घरातील पोरे पाखरांच्या राखणीला जात. हाती गोफण, खाली डोलणारी कणसे आणि पहाटेपासून आरोळ्या. कोणते पाखरू कणसावर बसते, कोणते केवळ अळी टिपून जाते, कोणाचा थवा कोणत्या दिशेने येतो, कोण दगडाला भिते आणि कोण भीत नाही, हे सारे आठ दिवसांत पाठ होई. ज्याला हाकलायचे, त्याला आधी ओळखावे लागे. भोरडी ही आमची शत्रू होती. पण तिच्याइतके बारकाईने आम्ही दुसरे काही पाहिले नसेल.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत खरिपातील ज्वारी मागे हटली आणि सोयाबीनने शिवार व्यापले. शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. पावसात काळी पडणारी ज्वारी त्याला परवडत नव्हती. रोख पैसा हवा होता. परंतु सोयाबीनच्या शेंगेवर दाणे टिपणाऱ्या पाखरांचे थवे उतरत नाहीत, म्हणून राखणही लागत नाही. मचाण गेले, गोफण खुंटीवरून उतरली आणि तिच्याबरोबर ती पाठशाळाही बंद झाली. आज आम्ही मुलांना परीट दाखवतो, तेव्हा ती त्याला 'चिमणी' म्हणतात. पाखरू अजून येते. त्याला नावाने ओळखणारे मात्र कमी झाले. हानीची ही तऱ्हा कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

खुद्द ऋतूही आता पूर्वीचा राहिलेला नाही. वायव्य भारतातून मोसमी पाऊस परतू लागण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरीत. हवामान खात्याने २०२० साली ती १७ सप्टेंबर केली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर असा पाऊस कोसळला की काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. निरभ्र आकाश हे ज्याचे लक्षण, त्या शरदाच्या तोंडावरच असे घडावे, हे कठीण आहे.

अशा वेळी गायरानासारखी पडीक दिसणारी जमीन फार मोलाची ठरते. २०१९ साली टिपेश्वरच्या रानातून निघालेला एक तरुण वाघ नांदेडसह अनेक जिल्हे ओलांडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातील पट्ट्यामुळे त्याची १३०० किलोमीटरहून अधिक वाटचाल नोंदली गेली. ती वाट अखंड अरण्यातून नव्हती. शेते, ओढे आणि माळ यांच्याच आधाराने तो गेला. भोवत्या तर रात्री गवतातच, जमिनीवर विसावतो. दिवाळीनंतर माळ पेटवला की त्याचे बिछानेच जळतात. पूर्वी आम्ही पाखरांपासून पीक राखीत होतो. आज नाकतोडे टिपणारा हा पाहुणा विनामोबदला आमचे पीक राखतो आहे. त्याच्या निवाऱ्यापुरते गवत उभे ठेवणे, हा साधा व्यवहार आहे.

म्हणून आमची मागणी माफक आहे. गायरानाचा एखादा कोपरा फाल्गुनापर्यंत न पेटवता, न नांगरता राहू द्यावा. दसऱ्याचे सोने लुटताना आपट्याच्या फांद्या ओरबाडू नयेत. एक पान देऊनही सण साजरा होतो. आणि शाळांनी शरदात मुलांना एकदा तरी माळावर न्यावे. आम्ही एक साधी वही ठेवली आहे. परीट कोणत्या तिथीला आला, शेवटचा चातक कधी दिसला, एवढेच तिच्यात लिहितो. यंदा दोन मुलांनी ती मागून घेतली आहे. पहिली नोंद त्यांनी भोरडीची केली असून, तिच्यापुढे कंसात 'हिला पूर्वी हाकलत असत' असे लिहिले आहे.