सोडलेला घास

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही आठ दिवस आमच्या वडील बंधूंकडे जाऊन राहिलो. त्यांचे शेत सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाला लागून आहे. जाण्यात आमचा एक अंतस्थ हेतू होता. दादांनी साठी केव्हाच ओलांडली आहे. तरीही ते थंडीच्या रात्री तुरीच्या वावरात जागलीला जातात. त्यांनी शेती कोणाला तरी लावून द्यावी व वहिनींसह आमच्याकडे शहरात येऊन राहावे, हे त्यांच्या गळी उतरवावयाचे होते.

पहिल्या दिवशी सकाळी दादांच्या दोन गाई गावच्या ढोरक्याबरोबर निघाल्या, त्यांच्यामागे आम्हीही निघालो. गाई गवळाऊ जातीच्या : पांढऱ्या, अंगाने हलक्या, लांबट तोंडाच्या. आर्वीकडचा मुलूख हे या जातीचे माहेर, आणि हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचे सरकारी क्षेत्रही आहे. आमच्या लहानपणी गोठा या गाईंनी भरलेला असे. आता दावणीला दोनच उरल्या आहेत. रानात पाहावे तो बरड जमिनीवर नुसती वाळली कुसळी. एखाद्या खोलगट जागी तेवढा मारवेलीचा हिरवा ठिगळ. गाय तेथे पोहोचली की चार-सहा घास भराभर घेई, मग सावकाश, मग मान वर करून पुढे चालू लागे. मागे गवत चांगले शिल्लक असे! लहानपणी हा आम्हांला गाईचा उधळेपणा वाटे. या खेपेस आम्ही हातात घड्याळ धरून तिचे घास मोजू लागलो. प्राध्यापकाला सुट्टीतही परीक्षा घेतल्यावाचून करमत नाही, हेच खरे.

आम्ही जन्मभर अर्थशास्त्र शिकविले. सीमांत लाभाची ती जुनी कल्पना एरिक चार्नोव्ह या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने 1976 साली चरणाऱ्या-टिपणाऱ्या प्राण्यांना लावून दाखविली. एका जागी मिळणारी आवक घटत घटत साऱ्या रानाच्या सरासरीवर आली की प्राण्याने ती जागा सोडावी; आणि पुढची जागा जितकी लांब, तितका हातच्या जागी मुक्काम अधिक. गाय काही कोष्टक मांडीत नाही. पण ज्यांचा हिशेब फारच चुकला त्यांचा वंश भुकेने कधीच खुडून टाकला असावा.

त्या रात्री माचणावर आम्ही हे सारे दादांना मोठ्या रंगात येऊन सांगितले. आमचा रोख कोठे होता, हे वाचकांनी ओळखलेच असेल. दादांनी शेकोटीत एक पऱ्हाटी सरकविली व म्हणाले,

"जागा सोडाची ते ठीक हाय बापा. पण समोरच्या जागेवर घास हायच, हे त्या गाईले कोन सांगते?"

आम्ही निरुत्तर झालो. प्राण्याला साऱ्या रानाची सरासरी ठाऊक आहे, हे त्या सिद्धांताचे गृहीतच आहे. आणि दादांनी नेमके त्यावरच बोट ठेविले होते. प्रयोगांतूनही असे दिसते की, प्राणी बहुधा गणितापेक्षा अंमळ अधिकच रेंगाळतात. हे मात्र आम्ही दादांना सांगितले नाही.

मध्यरात्रीनंतर रोही आले. प्रथम काळोखात काड्या मोडल्याचा आवाज, मग धुऱ्याशी दोन-तीन उंच आकृती. दादांनी डबा वाजविला, दोन आरोळ्या ठोकल्या. आकृती नाहीशा झाल्या.

उजाडल्यावर आम्ही दोघे वावरातून फिरलो. झुडपी जंगलाकडील तासांत शेंडे आणि शेंगा साफ ओरबाडलेल्या. जसजसे माचणाकडे यावे तसतशी तूर शाबूत. चरून गेलेला प्राणी मागे किती अन्न टाकून गेला, यावरून त्याची भीती मोजावी, असे जोएल ब्राऊन यांनी 1988 साली मांडले. जेथे भय अधिक, तेथे उरलेला घास अधिक. तो सिद्धांत येथे तासातासाने लिहिलेला होता. आदल्या दिवशी नाल्याकाठी कमरेइतके गवत उभे पाहून आम्हांला नवल वाटले होते, त्याचाही उलगडा झाला. बोरचे अभयारण्य 2014 साली व्याघ्रप्रकल्प झाले. नाल्याच्या ओल्या मातीत वाघाचे पंजे उमटलेले दिसू लागल्यापासून ढोरकी गुरे तिकडे नेत नाही. गवत आहे, पण ते दादांच्या गाईंचे नव्हे.

माचणाजवळच्या तासांपाशी दादा थांबले. एक भरली शेंग तोडून त्यांनी सोलली, आणि दाणे आमच्या हातावर ठेविले.

"माचणावर कोनी नसतं, तर हेही नसतं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तुही सुट्टी कवा सरते?"

आम्ही म्हटले, "अजून पाच दिवस आहेत."

"मंग आज तू लवकर जेव. मी मांगून येतो. लय दिवसांत पुरी झोप नाही झाली."

त्या संध्याकाळी वहिनींनी घोंगडी झटकून आमच्या हाती दिली, आणि दुसरा डबा कोठे टांगला आहे ते सांगितले.