बोल्ट आणि पिन
माझे मामा मूळचे बेळगावचे. बेंगळुरूला पीण्यात त्यांचे गॅरेज आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिथे शेव्हरोलेचे एलएस-१ इंजिन आले होते. मालकाला त्यावर सुपरचार्जर हवा होता.

सुपरचार्जर सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो; पण तो फिरतो क्रँकशाफ्टच्या पुलीवरील पट्ट्याने. या इंजिनात पुलीला चावी नसते. घट्ट बसण्यावर आणि मधल्या बोल्टच्या दाबावरच ती टिकते. जादा भाराने घसरली, तर क्रँकचे टोक खरवडते.

म्हणून मामांनी पुली व क्रँकच्या सांध्यावर भोक पाडून पोलादी पिन बसवली.

मी विचारले, "मामा, मग बोल्टचे काम संपले का?"

"नाही रे. पुली धरतो तो बोल्टच. पिन राखीव शिपाई."

जुन्या बोल्टने पुली जागेवर बसवली, तो काढून नवा लावला. आधी ५० न्यूटन-मीटर, मग १४० अंश. हा बोल्ट ताणला जातो, म्हणून पुन्हा वापरत नाहीत. शेवटचे अंश मामांनी मला फिरवायला दिले आणि कामाच्या वहीत माझी सही घेतली.

परेडच्या हजेरीपेक्षा ती सही मला जड वाटली. त्या गाडीत कुणीतरी बसणार होते.