आढीची खोली

मे महिन्यात रत्नागिरीच्या आमच्या घरात मागच्या खोलीत हापूसची आढी असते. भाताचा पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. एरवी या खोलीत टाळी वाजवली तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये ती किणकिणत राहते. आढी असताना तिथल्या तिथे विरते. गिटार रेकॉर्ड करायला लागेपर्यंत हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. माझ्यासाठी ती खोली म्हणजे फक्त एक वास होता.

"बस तिथे," आई म्हणाली, "पण आढीला पाय लावू नको हां. आणि पंखा?"

पंखा बंदच. माइकला पंखा ऐकू येतो, स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू येतो, शर्टाचं बटण गिटारला घासलेलंही ऐकू येतं. लॅपटॉप बॅटरीवर ठेवतो, कारण चार्जरमधून 50 हर्ट्झची घरघर शिरते. नंतर कॉम्प्युटरवर ती साफ करता येते म्हणतात. मला ते पटत नाही. घरघर पुसताना तारेचा श्वासही थोडा पुसला जातो.

माइक भोकासमोर धरायचा नाही, हे चुकतमाकत शिकलो. गिटारच्या पोटातली हवा तिथून बाहेर पडते आणि सगळं ढब्ब होतं. बाराव्या पट्टीकडे तोंड करून दीड-दोन विती लांब ठेवला, की लाकूड आणि तार दोन्ही बोलू लागतात. सगळ्यात जाड तारेचा सूर मात्र ऐकत नाही. 82 हर्ट्झची ती लाट चार मीटर लांब, आणि आमची खोली जेमतेम दहा फुटी. तिला पेंढा अडवू शकत नाही. कोपऱ्यात बसलं तर ती फुगते, म्हणून तीन रात्री खुर्ची वीत-वीत सरकवत जागा शोधली. पाठीमागे दोरीवर आजीच्या नऊवारींच्या गोधड्या टाकल्या.

वाजवायची होती ती आजीचीच चाल. आढी उलगडताना, एकेक आंबा हाताने चाचपून पिकलेला बाजूला काढताना ती गुणगुणायची. शब्द कुणालाच आठवत नाहीत. तिचा आवाज आम्ही कशातही धरून ठेवला नाही, आणि घरात टेपरेकॉर्डर होता. हे मला फार लागतं. आईने दोन ओळींची चाल गुणगुणून दाखवली, पुढचं मी बोटांनी शोधलं.

रात्री दोननंतरही मिरकरवाडा बंदराकडून ट्रॉलरची इंजिनं ऐकू यायची. 1 जूनला पावसाळ्यापुरती मासेमारी बंद झाली आणि समुद्राची नुसती गाज उरली. पाऊस अजून यायचा होता. तो आला की कौलांवर दुसरं काही ऐकूच येत नाही. शिवाय ओल्या हवेने गिटारचं लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात, सूर टिकत नाही. म्हणजे हातात होते ते हेच चार-सहा दिवस. घामाने बोटं तारांवरून घसरत होती. अकराव्या वेळी चाल शेवटपर्यंत नीट गेली. शेवटचा सूर विझेपर्यंत मी श्वास धरून बसलो, आणि हेडफोनमध्ये पेंढ्यात काहीतरी हललं. बहुधा एखादा आंबा खाली बसला असावा. ते तसंच ठेवलं.

दोन दिवसांनी पहिली सर आली. उरलेले आंबे काढले, पेंढा मागच्या दारी नेऊन टाकला, गोधड्या घड्या घालून ट्रंकेत गेल्या. झाडून झाल्यावर रिकाम्या खोलीत उभं राहून टाळी वाजवली. ती किणकिणत राहिली.