फॉरमॅट मारायच्या आधी

कॉम्प्युटर रुसला की आपल्याकडे एकच औषध : ‘फॉरमॅट मार.’ चिटगुप्प्यात मामांच्या जुन्या डेस्कटॉपसाठीही हाच सल्ला आला. उबुंटूचं अपडेट चालू असताना लाईट गेली होती. परत आल्यावर मशीन सुरू झालं, पण लिबरऑफिस उघडलं की लगेच बंद. आणि आजीने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्यांची 43 पानं फक्त तिथेच होती.

‘‘माझं सगळं पुसलं का गं?’’ आजी म्हणाली.

नाही. फाइल वेगळी, ती उघडणारा प्रोग्रॅम वेगळा. ओडीटी फाइल ही खरं तर एक झिप असते. तिची प्रत काढून ती उलगडली, तर आत एक्सएमएलच्या जंगलात ओव्या शाबूत. आता घाई नव्हती.

आयकॉनवर क्लिक केलं तर प्रोग्रॅम मुकाट्याने मरतो. तोच टर्मिनलमधून सुरू केला की मरताना काहीतरी बोलतो. इथे म्हणाला : ‘अनडिफाइन्ड सिम्बल’. म्हणजे त्याने एका लायब्ररीकडे नावानिशी एक काम मागितलं आणि तिला ते नावच माहीत नव्हतं. लिनक्सवर बरेच प्रोग्रॅम एकच लायब्ररी वाटून घेतात. वरचा प्रोग्रॅम नवा आणि खालची लायब्ररी जुनी राहिली, की असं होतं. दोघांतलं कुणीच बिघडलेलं नसतं.

ती लायब्ररी हार्फबझ. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र नेमका कसा उमटावा, हे तीच ठरवते. बेहदाद एस्फहबोद या इराणी-कॅनेडियन प्रोग्रॅमरने ‘ओपनटाइप’चं फारसी भाषांतर करून हे नाव ठेवलं : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. मराठी, कन्नड, दखनी एकाच चहाच्या टेबलावर बोलणाऱ्या आमच्या गावात ‘हर्फ’ समजावून सांगावा लागत नाही. (मराठीच्या पेपरात मात्र लागेल बहुतेक.) फायरफॉक्स व्यवस्थित चालत होतं, कारण ते हार्फबझची स्वतःची प्रत सोबत बाळगतं. संशय पक्का झाला.

पुरावा एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये सापडला. प्रत्येक नोंदीला सुरुवातीची वेळ असते, शेवटची असते. त्या दिवशीच्या नोंदीला शेवटच नव्हता. साहित्याच्या विद्यार्थिनीला इतकं सरळ वाक्य क्वचितच वाचायला मिळतं.

पुढचं काम दोन आज्ञांचं. डीपीकेजीला सांगितलं, अर्धवट राहिलेली पॅकेजेस पुरी कर. त्याने जमेल तेवढी केली, उरलेल्यांबद्दल कुरकुर केली. मग एपीटीला ‘फिक्स ब्रोकन इन्स्टॉल’ सांगितलं. मामा तोवर लाईटकडे बघत उभे.

लिबरऑफिस उघडलं. आजीला पहिलं पान वाचून दाखवलं, तर तिने मध्येच अडवलं : ‘‘केव्हा न्हवं. म्या कवा म्हणले व्हते. कवा लिही.’’