नवेगावबांधच्या काठावर

मंडळी, धानाची मळणी आटोपली की एक दिवस काढा आणि मुलाबाळांसह नवेगावबांधला जा. समुद्र आपल्यापासून फार दूर. पण अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा तलाव पाहिला की त्याची उणीव वाटत नाही. मागे दाट जंगल, पुढे पाणीच पाणी. हिवाळ्यात दूरदेशीची बदके उतरतात. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले. तलाव मात्र कितीतरी जुना. तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. काठावर शांत बसले की मला वाटते, त्या माणसांनी टेकड्यांमध्ये पाळ घातली, म्हणून पुढच्या पिढ्यांच्या बांध्यांत पाणी खेळले. आणि आपल्या गावची बोडी? ती गाळाने भरत चालली आहे. घरी परतल्यावर तिच्याही पाळीवर एकदा उभे राहा, आणि गाळ काढायला कोण कोण येईल ते विचारा.